सुभेदाराची धास्ती

"तुमची शिवरंजनी करते तरी काय?" असं माकणीत कुणी विचारलं, की तिची आई महानंदा सरळ सांगायची, "कॉम्पुटरला लढाई शिकवती." ऐकणारा जरा हसायचा आणि बोलणं धरणाच्या पाण्यावर न्यायचा. पण महानंदानं सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

पुण्यात अकरा माणसांची एक कंपनी होती. ती तीन वर्षं एकच खेळ बनवत होती, 'वेढा' नावाचा. चारशे वर्षांपूर्वीची दख्खन, त्यात नळदुर्ग, परंडा, औसा असे किल्ले. खेळणाऱ्यानं सरदार व्हायचं, फौज उभी करायची, रसद सांभाळायची, जासूद पेरायचे आणि समोरच्याचा मुलूख घ्यायचा. समोर माणूस नसायचा, कॉम्प्युटर असायचा. कंपनीत त्याला सगळे सुभेदार म्हणत. या सुभेदारानं केव्हा चालून जायचं, केव्हा माघार घ्यायची, कुठला किल्ला आधी धरायचा, ही त्याची सगळी अक्कल लिहिणारी म्हणजे शिवरंजनी. वय पस्तीस, अंगानं किडकिडीत, बोलायला कमी. सहा वर्षं ती माकणीतल्या घरातूनच काम करत होती. आईला दमा आहे, तिच्याजवळ राहावं लागतं, असं तिनं कंपनीत सांगितलं होतं.

खरं कारण वेगळं होतं. कंपनी आधी एका बंगल्याच्या तळमजल्यावर होती, तेव्हा शिवरंजनी पुण्यातच राहायची. मग कंपनीनं पाचव्या मजल्यावर जागा घेतली. पहिल्या दिवशी ती वर गेली, खुर्चीत बसली, आणि दुपारच्या जेवणाआधीच पायऱ्या उतरून जी बाहेर पडली ती गावी आली.

त्र्याण्णवच्या भूकंपात ती चार वर्षांची होती. जुनं दगडमातीचं घर बसलं, त्यात तिची धाकटी आत्या शिवकन्या गेली. तिला आणि आईला तिच्या वडिलांनी, अप्पांनी, हातांनी माती उपसून काढलं. त्या दिवसाचं तिला फारसं काही आठवत नव्हतं, पण अंगानं सगळं लक्षात ठेवलं होतं. नव्या वस्तीतल्या पक्क्या घरातही तिची बाज दारापाशीच असायची. दाराला आतून कडी घातलेली तिला चालत नसे. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला आणि खिडकीची काच वाजली, तर बोलता बोलता ती थांबायची आणि ट्रॅक्टर लांब जाईपर्यंत पुढचा शब्द काढायची नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचे मालक कृष्णराज यांचा फोन आला. खेळ बाजारात आणणाऱ्या बंगळुरूच्या एका कंपनीचे पाहुणे बावीस तारखेला येणार होते. तीन तास बसून स्वतः खेळणार, मग खेळ घ्यायचा की नाही ते ठरवणार.

"सोळा दिवस आहेत," कृष्णराज म्हणाले. "आणि या वेळी तू इथं हवीस. सुभेदार असं का वागला, हे त्यांनी विचारलं तर सांगणार कोण?"

"बघते, सर," ती म्हणाली. फोन ठेवला तेव्हा तिला दोन काळज्या लागल्या होत्या.

एक काळजी पाचव्या मजल्याची. दुसरी त्याहून मोठी. सुभेदार मूर्ख होता, आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

फौज एकवटून नेणं त्याला जमत नसे. पन्नास माणसं आज, चाळीस उद्या, असा तो आपली फौज समोरच्याच्या तोंडी देत राहायचा. एकटादुकटा घोडेस्वार दिसला की सगळं सैन्य त्याच्या मागं पळवायचा. ऐन पावसाळ्यात नदी ओलांडायला निघायचा आणि तोफा चिखलात घालवायचा. आणि एकदा फसलेल्या जागी तो दहा वेळा तसाच फसायचा. मागच्या खेपेला इथंच मार खाल्ला, हे त्याच्या गावीही नसे.

कृष्णराजांनी तोड सुचवली होती. "कठीण पातळीवर त्याला दुप्पट धान्य देऊन टाकू. नकाशा सगळा उघडा दाखवू. खेळणाऱ्याला कुठं कळतंय? सगळे असंच करतात."

हे खरंही होतं. पण शिवरंजनीला ते परीक्षेत कॉपी पुरवल्यासारखं वाटायचं. "दोन आठवडे द्या सर," ती म्हणाली होती. "नाही जमलं तर मग धान्य द्या."

त्या दिवसांत तिची झोप उडाली. जेवताना घास हातात धरून ती भिंतीकडं बघत बसायची. महानंदा ताटात भाकरी मोडून घालायची, तरी तिला कळत नसे. आकडे बदलायची, सुभेदाराला खेळवायची, तो हरायचा, पुन्हा बदलायची. पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण स्वतःच खेळतोय, आणि आपल्याला त्याच्या सगळ्या खोडी पाठ आहेत. दुसरं कुणीतरी खेळायला हवं होतं.

घरात दुसरं कुणी म्हणजे अप्पाच. महालिंगप्पांनी लोहाऱ्याच्या बाजारात पस्तीस वर्षं भुसार मालाचा व्यापार केला होता. आता गुडघे गेल्यामुळं घरी असायचे. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता. शिवरंजनीनं त्यांना खुर्चीत बसवलं, माउस हातात दिला आणि समजावलं. पहिले दोन डाव ते हरले, कारण बाण कुठं आणि बोट कुठं यातच त्यांचा वेळ गेला. तिसऱ्या डावाला त्यांनी चष्मा पुसला. मग ते सलग सात डाव जिंकले.

सातही डाव एकाच युक्तीनं. सीमेवरच्या एका किल्ल्यात ते कोठारं धान्यानं भरून ठेवायचे आणि शिबंदी काढून घ्यायचे. आत चाळीस माणसं, बस. सुभेदाराला ते दिसलं की तो सगळी फौज घेऊन धावत सुटायचा. तिकडं त्याचं स्वतःचं ठाणं उघडं पडायचं. अप्पांची फौज बालाघाटच्या एका दरीत दडून असायची, ती जाऊन ते ठाणं घ्यायची.

"अप्पा, तुम्हाला कसं कळलं तो येणार म्हणून?"

"न येऊन करतो काय?" महालिंगप्पा म्हणाले. "रंजू, बाजारात एखाद्याचा माल लई उघडा पडलाय, राखायला कुणी न्हाय, असं दिसलं की माज्या पोटात गोळा यायचा. म्हणायचो, ह्यात कायतरी हाय. तुज्या सुभेदाराच्या पोटात गोळा येत न्हाय. त्याला भ्या म्हणून न्हाय. हीच त्याची खोट."

शिवरंजनीला आजवर वाटत आलं होतं की सुभेदाराला हिशेब कमी येतो. तो तर हिशेबच तेवढा करत होता. किल्ल्यात दिसतात ती माणसं चाळीस, आपली बाराशे, म्हणजे चला. जे दिसत नाही त्याचा विचार करायला तिनं त्याला शिकवलंच नव्हतं.

त्याच दुपारी ती कामाला बसली. नकाशावर जो भाग सुभेदाराला दिसत नाही, तिथं काहीतरी वाईट असू शकतं असं त्यानं धरायचं. जितके दिवस ती जागा बघितलेली नाही, तितकं ते जास्त धरायचं. या आकड्याला तिनं 'धास्ती' असं नाव दिलं. हे लिहिताना तिला एकदाही अडायला झालं नाही. कुठल्या गोष्टीनं धास्ती वाढते, किती वेगानं वाढते, रिकामी जागा भरलेल्या जागेपेक्षा जास्त का छळते, ते सगळं तिला आतून माहीत होतं.

दोन दिवसांनी तिनं सुभेदाराला सुभेदाराशीच लढायला लावलं आणि बघत बसली. अप्पाही शेजारी येऊन बसले. पडद्यावर आठवडे सरकू लागले. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. एकाही किल्ल्यातून एक घोडा बाहेर पडला नाही. दोन्हीकडच्या फौजा तटाच्या आत, दारं लावलेली. दुसरं वर्ष गेलं. तिसऱ्या वर्षी कोठारं रिकामी झाली आणि आतल्या आत माणसं मरायला लागली. चौथ्या वर्षाच्या पावसाळ्यात दोन्ही सुभेदार संपले. दोघांपैकी कुणीही लढलं नव्हतं.

"दोघंबी घरातच बसले की," महालिंगप्पा म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, हे बोलायला नको होतं. शिवरंजनीनं पडद्यावरची नजर हलवली नाही. तिचे कान मात्र लाल झाले होते. सहा वर्षांत अप्पांनी तिला कधी विचारलं नव्हतं, की तू पुणं का सोडलंस. आईच्या दम्याचं कारण त्यांच्या कानावर आलं होतं, तरी ते गप्प राहिले होते.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "पोटात गोळा आला म्हणून म्या कधी दुकान बंद केलं न्हाय बग. हमालाला धाडायचो. जा रं, त्या गाडीत खरंच तूर हाय का वर तूर अन् खाली माती, हात घालून बघून ये. त्यानं येऊन सांगितलं की गोळा अर्धा व्हायचा."

"अर्धाच?"

"अर्धाच. सगळा गेला असता तर बुडालो असतो."

बावीस तारखेला आता पाच दिवस उरले होते. शिवरंजनीनं सुभेदाराला जासूद पाठवायला शिकवलं. धास्ती एका मर्यादेपलीकडं गेली की त्यानं फौज थांबवायची, दोन स्वार पुढं धाडायचे. ते बघून आले की धास्ती उतरायची, परत आले नाहीत तर चढायची. सांगायला हे सोपं आहे, लिहिताना दर तासाला काहीतरी मोडत होतं. एकदा सुभेदार जासूदच पाठवत राहिला, फौजेत माणूस उरला नाही. एकदा त्याचे जासूद एकमेकांनाच शोधत फिरले. एकोणीस तारखेच्या संध्याकाळी अप्पांचा नेहमीचा सापळा पहिल्यांदा फुकट गेला. ते हरले, आणि खुर्चीतून उठताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बॅग अर्धी भरून शिवरंजनी थांबली. तिनं कृष्णराजांना फोन लावला.

"सर, एक विचारायचं होतं. जिना कुठल्या बाजूला आहे?"

"जिना? लिफ्टच्या शेजारी. का?"

"मीटिंगची खोली जिन्यापासून किती लांब?"

कृष्णराज म्हणाले, "शिवरंजनी, काय झालंय?"

तेव्हा तिनं सांगितलं. भूकंप, आत्या, पाचवा मजला, त्या दिवशी दुपारी पायऱ्या उतरून गेले ते. मध्ये कुठंही ती थांबली नाही.

"सहा वर्षं मी दर दिवाळीला तुझ्या आईच्या दम्याची चौकशी करतोय," कृष्णराज म्हणाले.

"हो, सर."

"त्यांना दमा आहे तरी का?"

"थोडा आहे. धुळीचा."

ते किंचित हसल्यासारखं वाटलं. "मीटिंग खाली नाही आणता येणार. खाली नुसतं पार्किंग आहे. पण दाराजवळची खुर्ची तुझी. खोलीपासून जिना आठ-दहा पावलं. वाटेल तेव्हा ऊठ. कुणी विचारलं तर तुला फोन आला होता असं सांगतो."

"नको सर. खोटं एवढं पुरे झालं."

एकवीसला ती उमरग्याहून सकाळच्या गाडीनं निघाली. पुण्यात मैत्रिणीच्या तळमजल्यावरच्या खोलीत उतरली. बावीस तारखेला साडेदहाला ती त्या इमारतीच्या पायथ्याशी उभी होती. लिफ्टकडं तिनं बघितलंही नाही. पायऱ्या चढताना प्रत्येक मजल्यावर भिंतीला हात लावून थांबली. पाचव्यावर पोचली तेव्हा कानशिलं ठणकत होती.

पाहुणे म्हणजे पन्नाशीचे एक गृहस्थ आणि टिपणं घेणारी एक बाई. गृहस्थ मूळचे हुबळीचे. नमस्कार-चमत्कार झाले आणि ते थेट खेळायला बसले. हात सराईत होता. पाऊण तास ते खेळत राहिले. मग त्यांनी सीमेवरच्या एका किल्ल्यातली शिबंदी काढायला सुरुवात केली आणि स्वतःशीच कानडीत पुटपुटले, "बा, बा." म्हणजे ये, ये.

दाराजवळच्या खुर्चीत शिवरंजनी पुढं सरकून बसली. माकणीत घराघरात कानडी चालते. ते काय करताहेत हे खोलीत तिला एकटीलाच कळलं होतं.

सुभेदाराची फौज निघाली. दोन दिवसांची वाट पुढं आली आणि थांबली. दोन स्वार सुटले, दरीकडं गेले. पाहुण्यांनी ते कापले. एक आठवडा सरकला, दुसरा सरकला, स्वार परत आले नाहीत. मग सुभेदाराची अर्धी फौज वळली आणि आपल्या ठाण्याकडं परत निघाली.

पाहुण्यांचा हात माउसवर तसाच राहिला. "यारु हेळिदरु इवनिगे?" ते म्हणाले. याला सांगितलं कुणी?

"नम्म अप्पा," शिवरंजनीच्या तोंडून निघून गेलं. आमच्या वडिलांनी.

त्यांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. ते काही बोलणार एवढ्यात पायाखालची फरशी थरथरली. अगदी बारीक थरथर होती, कुणाच्या ध्यानातही आली नाही. शिवरंजनीला आपण कधी उठलो ते कळलं नाही. भानावर आली तेव्हा ती चौथ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून उभी होती. तिनं कान दिला. कुणी पळत नव्हतं, ओरडत नव्हतं. खांद्यावर पाण्याचा जार घेऊन एक माणूस वर येत होता.

"आत्ता हादरा कसला बसला?" तिनं विचारलं.

"हादरा?" तो थांबला. "ती खाली बोअरची मोटर चालू झाली, ताई. जुनी झालीय. या वेळेला रोजच हादरते."

"रोज?"

"रोज. वीस मिनिटं चालते."

तो वर गेला. शिवरंजनी कठडा तसाच धरून राहिली. कठड्याच्या लोखंडात ती थरथर अजून जाणवत होती. ती मोजत राहिली. बऱ्याच वेळानं थरथर एकदम थांबली. मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि एक मजला परत चढून गेली.

खोलीत डाव पुढं गेला होता, आणि वाईट झाला होता. पाहुण्यांनी सुभेदाराची नस पकडली होती. एका टेकडीवर त्यांनी नुसती निशाणं रोवली होती, माणूस एकही नाही. निशाणांपाशी गेलेला प्रत्येक जासूद ते मारत होते. सुभेदार सबंध हिवाळा त्या रिकाम्या टेकडीसमोर निम्मी फौज घेऊन बसून राहिला. तेवढ्यात त्यांनी त्याचे तीन किल्ले घेतले. डाव त्यांचाच झाला.

"हा फार काळजी करतो," पाहुणे म्हणाले.

कृष्णराज घाईनं बोलायला लागले, की अजून काम चालू आहे, आकडे बदलता येतील. शिवरंजनी मध्येच म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. तिथं तो अडकतो. जासूद आला नाही की त्याला सगळ्यात वाईट तेवढंच सुचतं. दुसऱ्या वाटेनं जाऊन बघावं, हे अजून त्याला येत नाही."

"येईल?"

"येईल असं वाटतं. किती दिवसांत ते आत्ता सांगता येणार नाही."

टिपणं घेणाऱ्या बाईंनी ते लिहून घेतलं. पाहुण्यांनी चहाचा कप जवळ ओढला. "वीस वर्षं असले खेळ खेळतोय," ते म्हणाले. "लबाडी करणारे कॉम्प्युटर पुष्कळ बघितले. माझ्यावर संशय घेणारा हा पहिलाच." एवढं बोलून त्यांनी दुसरा डाव लावला. तो ते हरले, पण थोडक्यात.

नऊ दिवस कंपनीला काही कळलं नाही. ते नऊ दिवस शिवरंजनीनं माकणीत फोन उशाला घेऊन काढले. वाजला की उचलायची भीती वाटे, न वाजला तर त्याहून जास्त. दहाव्या दिवशी कृष्णराजांचा निरोप आला. खेळ घेतला होता. अट एकच, सुभेदाराला चोरून धान्य द्यायचं नाही आणि टेकडीचं दुखणं दिवाळीच्या आत बरं करायचं.

महालिंगप्पांना तिनं हे सांगितलं तेव्हा ते शेंगा सोलत होते. "मंजे माज्यामागं पुन्ना खेळायचं लागलं," ते म्हणाले, आणि टरफलं वेचून बाजूला केली.

तेव्हापासून ती दोन महिन्यांतून एकदा पुण्याला जाते. पायऱ्यांनीच चढते, दाराजवळच बसते, आणि संध्याकाळी खाली उतरते. ऑगस्टमध्ये मात्र मैत्रिणीच्या खोलीला कुलूप होतं, गाडीही चुकली होती. रात्रीपुरती ती मामेबहिणीकडं गेली. बहिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार आतून नुसतं लोटून ठेवायचं, एवढं तिनं सांगितलं. बहिणीनं का म्हणून विचारलं नाही.

सकाळी बहीण म्हणाली, "झोप लागली का गं?"

"तासभर लागली," शिवरंजनी म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.